माप समेवर आणताना

(एकटीचा विनोदी नाच आणि बाईचं शरीर या विषयावरील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर नाचणाऱ्या मुली बऱ्याच आहेत, त्यांच्या आया आहेत, आणि मागच्या रांगेत ढोलकीवाले, ऑक्टोपॅडवालेही दिसताहेत. तुम्ही आलात हे फार बरं झालं, कारण पहिली तक्रार तुमच्याच वाद्याबद्दल आहे. (हशा)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. सौंदर्याच्या मापांवर विनोदी नाच करायचा असेल, तर हशा त्या मापावर आला पाहिजे, मापात न बसणाऱ्या बाईवर येता कामा नये. त्यासाठी हेतू चांगला असून भागत नाही. हात, नजर आणि मात्रा, म्हणजे तालातले ठोके, यांचा हिशेब लागतो. तो शेवटी मांडून दाखवते. आधी ‘धडाम’बद्दल बोलू द्या.

‘धडाम’ सगळ्यांनी ऐकलंय. शाळेचं गॅदरिंग असो, गणपतीतला कार्यक्रम असो की टीव्हीवरचं स्किट असो, अंगानं भरलेली बाई मंचावर आली की तिच्या पहिल्या पावलाला ऑक्टोपॅडवर दणका बसतो. दुसऱ्या पावलाला दुसरा. शेजारचा नट भूकंप झाल्यासारखा हलतो आणि लोक हसतात. आता नीट बघा, त्या बाईनं अजून काहीही केलेलं नाही. ती फक्त चालत आली आहे. विनोद वादकानं केला, टाळी शेजारच्या नटानं घेतली, आणि तिच्या वाट्याला आलं ते वजन. पुढची चार मिनिटं ती कितीही सुरेख नाचू दे, प्रेक्षकांचे कान पुढच्या दणक्याकडे लागलेले असतात. तिची गिरकी नेमकी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपली, तरी ती कुणाला दिसत नाही. तिची कला त्या आवाजाखाली गाडली जाते, आणि मला याचा मनापासून राग येतो.

बरं, तो आवाज खोटासुद्धा आहे. पाऊल किती वाजेल हे आधी मंचावर ठरतं. आपल्याकडे लोखंडी सांगाड्यावर प्लायवूड टाकतात. खाली पोकळी असते, त्यामुळे हलक्या मुलीचं सपाट पाऊलही दणदणतं, आणि जमिनीलगत माइक ठेवलेला असेल तर बघायलाच नको. दुसरं म्हणजे उतरण्याची पद्धत. पंजा आधी, टाच नंतर, गुडघा किंचित मोडलेला, असं उडीतून उतरलं की आवाज बराच मरतो. भरल्या अंगाच्या मुली वर्गात हे लवकर शिकतात, कारण गुडघ्यांना ते लागतंच. बारीक मुलीला आपण ‘हलकी आहे’ म्हणून सोडून देतो, आणि तीच पुढे धपाधप उतरते. ऑक्टोपॅडवाल्यांना तेव्हा काही वाजवावंसं वाटत नाही! (हशा)

कुणी म्हणेल, हास्यात व्यंग, म्हणजे शरीरातली उणीव, चालतंच. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याची कारणं दिली आहेत आणि त्यात व्यंगदर्शन आहे, मान्य. पण त्याच यादीत विचित्र वेष, विचित्र अलंकार, हाव, फसवेगिरी आणि निरर्थक बडबडही आहे. सौंदर्याच्या बाजारात या सगळ्याचा सुकाळ आहे. १९७५ पासून गोरेपणाचं आश्वासन देणाऱ्या क्रीमच्या नावातून २०२० मध्ये ‘फेअर’ गेलं आणि ‘ग्लो’ आलं. शरीराला हात न लावता विनोदाला पुरेल एवढं साहित्य समोर पडलेलं असताना आपण त्यातलं एकच कारण उचललं, तेही सगळ्यांत आळशी.

साडीचंही सांगते, कारण इथे पालक आहेत. नेसायच्या नऊवारीला साइज नसते. साधारण सव्वाआठ मीटर कापड. अंग भरलेलं असेल तर दोन-तीन निऱ्या कमी येतात, एवढाच फरक. शिवलेली नऊवारी आली आणि तिच्याबरोबर एस, एम, एल आलं. भाड्याच्या दुकानात ‘तुमच्या मापाची नाही’ हे वाक्य मुलगी तिथे पहिल्यांदा ऐकते. मग एम साइजमध्ये कोंबून तिला उभं करतात. खाली बैठक घेतली की मागची शिवण ताणते, मुलगी बैठक अर्धीच घेते, आणि परीक्षक शेरा मारतात, ‘लवचिकता कमी’. शिवलेली घ्यायचीच असेल तर उभ्यानं माप देऊ नका. पूर्ण बैठकीत बसवून मागे, कमरेपासून मांडीखालपर्यंत टेप धरा, आणि वर दोन इंच सोडा.

आता मुद्द्याच्या जवळ येते. भरल्या अंगाच्या, वय झालेल्या बाईनं एकटीनं खिळवून ठेवावं, खट्याळपणानं हसवावं, आणि हशा तिच्या अंगावर येऊ नये, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून होत आलंय. बैठकीची लावणी. बाई बसून गाते. एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी अदा बदलते. एकदा रुसवा, एकदा टोमणा, एकदा नुसती भुवई. वाईच्या यमुनाबाई वाईकरांचा जन्म १९१५ चा, पद्मश्री २०१२ ची. नव्वदी ओलांडलेल्या बाईंची अदा बघायला लोक जमत होते. तिथे कमरेचा घेर कुणी मोजत नव्हतं, कारण बाईंनी बघणाऱ्याची नजर आपल्या भुवईवर बांधून ठेवलेली असायची.

नजर बांधणं, हेच सगळ्या विनोदी नाचाचं मूळ आहे. हात जिथे जातो तिथे नर्तकीची नजर जाते आणि प्रेक्षकाचीही तिथेच जाते. म्हणून हात पोटावर ठेवून पोटाकडे बघाल, तर हशा पोटावर पडणार. हात पोटाशी असताना नजर दुसरीकडे नेलीत, तर…

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बरं, भराभर सांगते, लिहून घ्या.

रचना सात मिनिटांची. आरसा काल्पनिक, प्रेक्षकांच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर, आणि शेवटपर्यंत तिथेच. तो वीतभर जरी सरकला तरी प्रेक्षकांचा विश्वास उडतो. टेपही काल्पनिकच. खरी टेप दिव्यात चमकते, हातात गुंडाळते, आणि पाचव्या रांगेमागे दिसत नाही. दोन्ही हातांच्या चिमटी, मधलं अंतर २४ इंच, म्हणजे साधारण पावणेतीन विती. हे अंतर लांबवायचं नाही, यातच सगळी गंमत आहे. टेप कमरेभोवती नेली, टोकं जुळली नाहीत. इथे दहांतल्या नऊ मुली पोट आत घेतात आणि घात होतो, कारण नजर पोटावर येते. तुम्ही टेपच्या टोकाकडे बघा. टेप झटका, फुंकर मारा, उलटी करून आकडे वाचा, शेजारच्या काल्पनिक शिंप्याकडे संशयानं बघा. आता लोक टेपला हसतील.

मग मात्रा. ३६-२४-३६, म्हणजे छाती-कंबर-नितंबांचं ते ‘आदर्श’ माप, हे आकडे पढंतीसारखे, नाचाचे बोल तोंडानं म्हणतात तसे म्हणायचे आणि तेवढ्या मात्रा पायांनी काढायच्या. बेरीज ९६. केरवा हा आठ मात्रांचा ताल, त्याची बरोबर १२ आवर्तनं, म्हणजे फेऱ्या, सम चुकत नाही. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत ४८ सेकंद लागतात. यातला २४ चा तुकडा ‘खाली’वर, म्हणजे आवर्तनातल्या पाचव्या, रिकाम्या मात्रेवर सुरू होतो आणि पुढचा ३६ चाही ‘खाली’वरच उठतो, म्हणजे सगळी कंबर ढोलकीच्या रिकाम्या जागेतून निघून रिकाम्या जागेशी येते. ते पायांत स्पष्ट दाखवा, डग्गा, म्हणजे खर्जाचा आवाज, काढून घ्या.

लगेच पुढे, अजिबात न थांबता, दुसरं माप. ४०-३६-४४. बेरीज १२०, १५ आवर्तनं, बरोबर एक मिनिट, आणि हेही समेवर. इथे पाय सगळ्यांत स्वच्छ हवेत. चेहऱ्यावर विनोद नको, डोळे समोर. नर्तकीचं स्वतःचं माप वेगळं असेल तर तेच घ्या. ४१-३७-४० घेतलंत तर ११८ होतात, दोन मात्रा उणे. दोन तुकड्यांच्या मधे एकेक मात्रेचा दम सोडा, सम मिळते. असं कुठलंही माप बसवता येतं, फक्त दम कुठे सोडायचा ते आधी वादकाशी ठरवा.

दोन मापांनंतर थांबा. बर्लिनची वालेस्का गेर्ट, जन्म १८९२, विद्रूप आणि हास्यास्पद बायका नाचून दाखवण्यासाठी गाजलेली, तिनं ‘पॉझ’ नावाचा नाच केला होता. चित्रपटाच्या दोन रिळांच्या मधे मंचावर येऊन नुसतं उभं राहायचं. आपल्या रचनेत आठ मात्रा पुरेत. श्वास वर चढलेला असतो, तो दिसू द्या. धापेचं सोंग मात्र आणू नका, ते केलंत की ‘धडाम’ परत आलंच. आठव्या मात्रेला टेप खाली टाका आणि शिंप्याचं माप घ्यायला निघा. शेवटची दीड मिनिटं त्याचं पोट, त्याचं टक्कल, त्याची उंची असलं काही मोजायचं नाही. मोजायची ती त्याची नजर, कुठून कुठे फिरते ती, इंचाइंचानं.

ढोलकीवाले, पुढे या. आधी ९६ मात्रा साध्या वाजवून घेऊ, ३७ वी आणि ६१ वी खाली दाखवा. मग १२०, त्यात ४१ वी सम आणि ७७ वी खाली. ऑक्टोपॅडचं बटण तेवढं बंद करा.