निळ्या रंगाचा पेपर

(दृश्य: लाकडी स्टँडमध्ये सात परीक्षानळ्या. कॅमेरा डावीकडून उजवीकडे सरकतो.)

पहिली नळी फिकट आहे. तो ब्लँक, म्हणजे प्रथिन न घातलेली तुलनेची नळी. पुढच्या प्रत्येक नळीत निळा रंग थोडाथोडा गडद होत गेलाय. जीवरसायनाचं प्रॅक्टिकल ज्यांनी केलंय, ते हे दृश्य लगेच ओळखतील. लोरी मेथड. पुण्यात असो, कोल्हापुरात असो की नागपुरात, प्रथिनं किती आहेत हे मोजायला शिकायचं ते याच नळ्यांवर.

हा निळा रंग ज्या शोधनिबंधातून आला, तो जगात सर्वाधिक वेळा उद्धृत झालेला, म्हणजे इतर शोधनिबंधांनी संदर्भ म्हणून दिलेला, शोधनिबंध आहे. २०१४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने उद्धरणांची यादी काढली, तेव्हा त्याचा आकडा ३ लाख ५ हजारांच्या पुढे होता. ही यादी ज्या नोंदवहीवरून काढली, तिच्यात सुमारे ५ कोटी ८० लाख नोंदी होत्या आणि त्यातल्या जेमतेम साडेचौदा हजार पेपरांनी हजाराचा टप्पा ओलांडला होता. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा जगप्रसिद्ध पेपर? तो पहिल्या शंभरातही नव्हता.

ऑलिव्हर लोरी १९१० साली शिकागोत जन्मले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कमध्ये काम करताना त्यांनी ही पद्धत बसवली आणि १९४७ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात येताना ती सोबत आणली. आजूबाजूचे सहकारी ती वापरू लागले, पण छापील पेपर कुठेच नव्हता. दरवेळी 'अप्रकाशित' असं लिहावं लागायचं. अर्ल सदरलँड, ज्यांना पुढे १९७१ चं नोबेल मिळालं, ते मागे लागले, की आता हे लिहूनच काढा. लोरींनी लिहिलं. जर्नलने लांबी कमी करा म्हणून परत पाठवलं. त्यांनी काटछाट केली आणि १९५१ मध्ये 'जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री'त तो छापून आला. लोरी, रोझब्रो, फार आणि रँडल, अशी चार नावं.

(दृश्य: पिपेटमधून नळीत पडणारा पिवळा थेंब.)

रसायन काय आहे, ते जवळून पाहू. अल्कधर्मी द्रावणात तांब्याचे आयन प्रथिनाला चिकटतात. दहा मिनिटं थांबायचं. मग हा पिवळा फोलिन अभिकारक, म्हणजे रंग आणणारं रसायन. यातलं फॉस्फोमॉलिब्डेट अल्कधर्मी द्रावणात फार वेळ टिकत नाही, म्हणून थेंब पडताक्षणी नळी हलवायची. इथे हात आळसावला की रीडिंग गेलं! माझा पहिला ग्राफ असाच वाकडा आला होता. नीट हलवलं, तर प्रथिनातली टायरोसिन, ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं आणि तांबं मिळून त्या अभिकारकाचं क्षपण करतात, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देतात, आणि अर्ध्या तासात निळाई भरून येते. जुन्या बाययुरेट पद्धतीपेक्षा ही सुमारे शंभरपट संवेदनशील. ज्याच्या हातात ऊतीचा कणभर नमुना आहे, त्याला याचं मोल विचारा.

याच जर्नलमध्ये २६ वर्षं आधी असाच एक निळा पेपर आला होता. १९२५ साली, हार्वर्डमधून. सायरस फिस्के आणि आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांची फॉस्फरस मोजण्याची पद्धत. तिथेही निळाई मॉलिब्डेनमचीच. तोही पेपर पिढ्यान् पिढ्या उद्धृत होत राहिला. सुब्बारावांचं नाव आपल्याकडे फार कमी घेतलं जातं, आणि मला ते मनापासून खटकतं.

उद्धरणं मोजायची सोय झाली ती युजीन गारफिल्डमुळे. ते मूळचे रसायनशास्त्राचेच पदवीधर. अमेरिकेत वकील जुन्या निकालांचा माग काढायला जी सूची वापरायचे, तिच्यावरून त्यांना कल्पना सुचली आणि १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' निघाला. पुढे २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने संशोधकाचं काम एका आकड्यात मोजणारा एच-इंडेक्स मांडला. ज्याचे ४० पेपर प्रत्येकी किमान ४० वेळा उद्धृत झालेत, त्याचा इंडेक्स ४०. आता गंमत पाहा. लोरींचा तीन लाखांचा हा पेपर या हिशेबात फक्त एकाची भर घालतो. आज नेमणुका, बढत्या, अनुदानं या आकड्यांवर तोलली जातात, तेव्हा हा हिशेब आठवावा असं मला वाटतं.

स्वतः लोरींना विचाराल, तर त्यांचा जीव दुसरीकडेच होता. एकेका चेतापेशीतली विकरं (एन्झाइम्स) मोजायची हा त्यांचा ध्यास. त्यासाठी क्वार्ट्झच्या बारीक तंतूवर झुलणारा तराजू त्यांनी वापरात आणला. डोळ्यांना नीट न दिसणारा नमुना तो तोलायचा. १९५१ चा पेपर थोर नाही, हे आपल्याला ठाऊक आहे, तरी त्याला मिळालेल्या प्रतिसादाने मनातून आनंद होतो, असं त्यांनीच १९७७ मध्ये लिहून ठेवलंय. मला ते पटत नाही. लाखो हातांना रोज लागणारी वस्तू नीट, चोख लिहून देणं हे थोरच काम आहे.

अर्धा तास झाला. पहिली नळी रंग मोजणाऱ्या यंत्रात जाते, शून्य लावलं जातं. मग दुसरी, तिसरी. प्रॅक्टिकल करणारी मुलगी वहीत आकडे उतरवते आणि वर, पद्धतीच्या रकान्यात, लिहिते: लोरी व इतर, १९५१.