आटवलेल्या लोकरीची पिशवी

सुयांवरची ही पिशवी बघून विणकाम येणाऱ्यांना ती बिघडली असंच वाटेल. वीण इतकी सैल की टाक्यांतून पलीकडचं दिसतं. उंचीही हवी त्याच्या जवळजवळ दीडपट. हे मुद्दाम केलंय, कारण विणून झाल्यावर ती गरम पाण्यात घुसळून आटवायची, म्हणजे घट्ट आणि जाड करायची आहे. जी लोकर एरवी पाच मिलिमीटरच्या सुईवर विणतात, ती इथे आठच्या सुईवर घेतली आहे. आटायचं तर तंतूंना हलायला जागा हवी.

आधी तळ विणला, मग त्याच्या कडेने टाके उचलून गोल सुईवर वर चढत गेलो. सगळे टाके सुलट, त्यामुळे हात भरभर चालतो.

खरी काळजी लोकर निवडतानाच घ्यायची. ॲक्रिलिक आटत नाही, सुती धागा असा घट्ट होत नाही. आणि लेबलवर ‘सुपरवॉश’ असेल तर ती लोकर बाजूलाच ठेवा. मशीनमध्ये धुता यावी म्हणून तिच्या तंतूंवर आधीच प्रक्रिया केलेली असते.

ही प्रक्रिया कशावर होते? लोकरीच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात, कौलांसारखे एकावर एक चढलेले. गरम पाणी आणि साबण मिळाला की तंतू फुगतात, सहज सरकू लागतात. वर घुसळण झाली की ते खवल्यांमुळे एकाच दिशेने पुढे सरकतात, एकमेकांत शिरतात आणि अडकतात. पुन्हा मागे येत नाहीत. म्हणून आटलेली लोकर सैल करता येत नाही.

आता पिशवी उशीच्या अभ्र्यात बांधून मशीनमध्ये. पाणी गरम, साबण थोडाच, सोबत एखादी जुनी जीन्स, म्हणजे घासणी चांगली होते. दर पाच मिनिटांनी मशीन थांबवून बघायचं. सुरुवातीला पिशवी उलट जास्तच लोंबते. इथे धीर सोडू नका. मग टाक्यांच्या रेषा पुसट होतात, कापड बोटांना जाड लागतं. रुंदीपेक्षा उंची जास्त आटते, हे माप घेतानाच धरायचं. टाके दिसेनासे झाले की लगेच बाहेर काढायची.

पिळायची मात्र नाही, घड्या कायमच्या बसतात. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं, आत मापाचा खोका घालायचा, कोपरे हाताने ओढून नीट करायचे. पूर्ण वाळायला एक-दोन दिवस जातात.

वाळल्यावर पट्ट्यासाठी थेट कात्रीने छेद द्या. एकही टाका उसवत नाही.