एका अक्षराचा फरक : डोमेन नाव आणि ट्रेडमार्कचा कायदा

१९९९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एक दावा आला. वादी होती ‘रेडिफ डॉट कॉम’ हे संकेतस्थळ चालवणारी मुंबईची कंपनी आणि तिची तक्रार होती ‘रॅडिफ डॉट कॉम’ या नावाविरुद्ध. रोमन लिपीत या दोन नावांत केवळ एका अक्षराचा फरक होता. प्रतिवादींचा खुलासा असा, की ‘रॅडिकल’ या शब्दाची पहिली तीन अक्षरे आणि ‘इन्फर्मेशन’, ‘फ्यूचर’ व ‘फ्री’ या शब्दांचे एकेक आद्याक्षर घेऊन आपण हे नाव स्वतंत्रपणे तयार केले आहे. न्यायालयाला तो पटला नाही. डोमेन नाव हा इंटरनेटवरचा नुसता पत्ता नसून ट्रेडमार्कला मिळते तसेच संरक्षण त्यालाही मिळाले पाहिजे, असे म्हणत न्यायालयाने ते नाव वापरायला अंतरिम मनाई केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने ‘याहूइंडिया डॉट कॉम’ या नावाबाबतही असाच आदेश दिला होता.

असे वाद उद्भवतात याचे कारण नोंदणीच्या पद्धतीतच आहे. जो आधी मागेल त्याला डोमेन नाव मिळते. नोंदणी करणारी कंपनी ते नाव आधीच कोणी घेतले आहे का एवढेच तपासते. मागणाऱ्याचा त्या नावावर हक्क आहे का, हे पाहणे तिचे काम नसते. एखादे अक्षर बदलले की संगणकाच्या लेखी ते वेगळेच नाव ठरते. ग्राहकाच्या डोळ्यांना मात्र तो फरक बहुधा जाणवत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न ६ मे २००४ रोजी ‘सत्यम इन्फोवे’च्या खटल्यात निकाली काढला. सत्यम इन्फोवेने स्वतःच्या नावातून ‘सिफी’ हा शब्द घडवला होता आणि जून १९९९ मध्ये त्यावर आधारित डोमेन नावे नोंदवली होती. पुढे २००१ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने इंग्रजीत एक ‘एफ’ जास्त असलेले ‘सिफीनेट’ हे नाव घेऊन इंटरनेट मार्केटिंगचा व्यवसाय सुरू केला. आपल्या पाच प्रवर्तकांच्या आद्याक्षरांवरून ते नाव सुचले, असे तिचे म्हणणे होते. रेडिफच्या वादातला बचावही आद्याक्षरांचाच होता आणि इथेही तो टिकला नाही. बंगळुरूच्या दिवाणी न्यायालयाने दिलेली मनाई कर्नाटक उच्च न्यायालयाने उठवली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा लागू केली.

डोमेन नावांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही, हे न्यायालयाने या निकालात स्पष्टपणे मान्य केले आणि तरीही ट्रेडमार्क कायद्यातील ‘पासिंग ऑफ’चे तत्त्व या नावांना लागू होते, असे ठरवले. दुसऱ्याच्या नावलौकिकाच्या आधाराने आपला माल किंवा सेवा खपवणे, म्हणजे पासिंग ऑफ. त्यासाठी वादीला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : बाजारात आपल्या नावाला लौकिक आहे, प्रतिवादीच्या वागण्याने लोकांची दिशाभूल होण्याचा संभव आहे आणि त्यातून आपले नुकसान होऊ शकते. म्हणजे ज्याने नाव केवळ आधी नोंदवले त्याच्यापेक्षा ज्याने ते वापरून लोकांच्या विश्वासास पात्र केले, त्याची बाजू भक्कम ठरते. माझ्या मते छोट्या व्यावसायिकासाठी या निकालातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. जुनी बिले, जाहिराती आणि ग्राहकांशी झालेला पत्रव्यवहार त्याने जपून ठेवावा, कारण लौकिक सिद्ध होतो तो याच कागदांवरून.

असे असले तरी ट्रेडमार्कची नोंदणी करून ठेवणे केव्हाही श्रेयस्कर. कायद्याच्या कलम १३४ नुसार नोंदणीकृत चिन्हाचा मालक उल्लंघनाचा दावा सहसा आपल्या व्यवसायाच्या ठिकाणच्या न्यायालयातही लावू शकतो. पासिंग ऑफच्या दाव्याला ही सवलत नाही. प्रतिवादी दूरच्या राज्यात असेल, तर कोल्हापूरच्या किंवा मडगावच्या व्यापाऱ्याला या एका फरकामुळे केवढी धावपळ वाचवता येते! नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि तिचे नूतनीकरण करता येते. त्याबरोबरच डोमेन नाव संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावावर न राहता व्यवसायाच्याच नावावर नोंदले आहे ना, हे मालकाने स्वतः तपासले पाहिजे. लहान व्यवसायांत याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते आणि त्या माणसाशी बिनसले, की हक्क असूनही नावाचा ताबा हातात नसतो.

न्यायालयाबाहेरचाही एक मार्ग आहे. ‘डॉट कॉम’सारख्या नावांसाठी १९९९ पासून आंतरराष्ट्रीय तंटा निवारण धोरण आहे आणि जिनिव्हाची जागतिक बौद्धिक संपदा संघटना त्याखालील तक्रारी हाताळते. त्याखाली नोंदणी आणि वापर हे दोन्ही वाईट हेतूने झाल्याचे दाखवावे लागते. ‘डॉट इन’साठी भारताचे वेगळे धोरण असून तिथे यांपैकी एक गोष्ट सिद्ध झाली तरी चालते. तक्रार मान्य झाल्यास ते नाव रद्द होते किंवा तक्रारदाराकडे हस्तांतरित केले जाते. झालेल्या नुकसानीची भरपाई हवी असेल, तर मात्र न्यायालयातच दाद मागावी लागते.