पोत्याचा मालक, हमालाचा मालक

पुण्यातील गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, भुसार विभागातील एका गाळ्यासमोर गव्हाचा ट्रक लागला आहे. फाळका खाली येतो, एक हमाल ट्रकवर चढून पोते कडेपर्यंत ओढतो, दुसरा पाठ वाकवून त्याखाली जातो आणि आकड्याच्या एका हिसक्यासरशी पोते त्याच्या पाठीवर येते. जवळच वह्या घेऊन उभे असलेले विद्यार्थी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र शिकतात. भूमी, श्रम, भांडवल आणि उद्योजकता हे उत्पादनाचे चार घटक त्यांना शाळा सुटल्यापासून पाठ आहेत. त्यांतला दुसरा घटक इतक्या जवळून त्यांच्यापैकी अनेकांनी आज प्रथमच पाहिला.

प्राध्यापिकांनी पहिला प्रश्न गणिताचा घातला आहे. ट्रकमध्ये दहा टन गहू आहे, पोते ५० किलोचे आहे आणि टोळी चौघांची आहे, तर एका माणसाच्या पाठीवरून किती ओझे जाईल? वह्यांमध्ये उत्तर उतरते: पन्नास पोती, अडीच हजार किलो, आणि तेही एकाच ट्रकचे. थप्पी लावता लावता टोळीतले एक काका सांगतात, की त्यांच्या वडिलांच्या काळी पोते १०० किलोचे असे. प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच केली होती; मात्र आपल्या बाजारांत क्विंटलचे पोते त्यानंतरही कित्येक वर्षे पाठीवर राहिले आणि ते निम्म्यावर आणण्यासाठी हमालांच्या संघटनांना दीर्घकाळ भांडावे लागले.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. या हमालाचा मालक कोण? विद्यार्थी आधी गाळेवाल्या आढत्याकडे बोट दाखवतात, मग ट्रकमालकाकडे, आणि एक मुलगी धीर करून शेतकऱ्याचे नाव घेते. खरी अडचण हीच होती. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या गाळ्यावर काम करणाऱ्या माणसाला एकच एक मालक नसतो, आणि मालकच नसल्यामुळे भविष्यनिर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), बोनस, भरपगारी रजा यांपैकी काहीही देण्याची जबाबदारी कोणावर येत नाही. कामगार कायद्याची सगळी इमारत मालक आणि नोकर या जोडीवर उभी होती, आणि हमाल त्या इमारतीच्या बाहेर उभा होता.

या अडचणीचे उत्तर म्हणून प्राध्यापिका जी आकृती काढत आहेत, ती १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्याची आहे. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी, म्हणजे माथ्यावर ओझे वाहणाऱ्या, कामगारांची संघटना बांधली होती. पुण्यात, नाना पेठेत दवाखाना चालवणाऱ्या डॉ. बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकातच हमाल पंचायत उभी केली होती. कायद्याने तोडगा असा काढला, की शासन, व्यापारी आणि कामगार या तिघांच्या प्रतिनिधींचे मंडळ नेमावे, व्यापाऱ्यांची आणि हमालांची नोंदणी त्या मंडळाकडे व्हावी, व्यापाऱ्याने हमाली आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही, म्हणजे जादा आकारणी, मंडळाकडे भरावी, आणि मंडळाने मजुरी कामगाराला देऊन लेव्हीतून त्याचा निधी, रजा व बोनस यांची तरतूद करावी. मालक अनेक असले तरी त्यांची जबाबदारी एका जागी गोळा करता येते, ही या कायद्याची मूळ कल्पना आहे, आणि मागणी-पुरवठ्याचा आलेख जितक्या काळजीने शिकवला जातो तितक्याच काळजीने ती प्रत्येक अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवली गेली पाहिजे, असे आम्हाला वाटते. नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक (क्रेडिट) दिले आहेत. ते श्रेयांक घरबसल्या भरून घेतलेल्या प्रश्नावलीवर खर्ची पडू नयेत.

पुण्यात अध्यापकांनी वर्गाबाहेर पाऊल टाकण्याला परंपरा आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील अध्यापक कचरा वेचणाऱ्यांना अक्षरओळख करून देण्यासाठी वस्त्यांमध्ये गेले. त्या संपर्कातूनच बाबा आढावांच्या साथीने १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पुढे याच कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले.

दुपारी विद्यार्थी हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’ या केंद्रात जेवायला आले आहेत. १९७४ मध्ये सुरू झालेले हे केंद्र ना नफा ना तोटा या तत्त्वावर चालते. तव्यावरची भाकरी, झुणका आणि ठेचा एकाच ताटात पडतो, आणि भाकरीची किंमत कशी ठरते हे मुले आता न सांगता विचारू लागली आहेत: ज्वारी कितीला पडली, इंधनाला किती लागले, थापणाऱ्या मावशींना मजुरी किती मिळते.

महाविद्यालयात परतल्यावर तिघांनी आपल्या प्रकल्पाचा विषय बदलला आणि माथाडी मंडळातील नोंदणी हा विषय घेतला.

इकडे यार्डात शेवटचे पोते थप्पीवर चढले आहे. टोळीतले काका पाठीवरचे गोणपाट झटकून घडी घालतात, आकडा त्यात गुंडाळतात आणि चिठ्ठीवरचा पोत्यांचा आकडा दुसऱ्यांदा मोजून पाहतात.