दोन डिस्कमधला विचर: एक्सबॉक्सवाल्यांनी पाहिलेली वाट

(पडद्यावर: पांढरा एक्सबॉक्स 360, ट्रे हळूहळू बाहेर येतो)

हा आवाज ज्याने ऐकलाय त्याला लगेच कळेल. ट्रे बाहेर येतानाची ती घरघर, मग डिस्क बसल्याचा छोटासा टक्, आणि नंतर आतून चढत जाणारं ते भिरभिरणं. टीव्हीला जोडून गेम खेळायचा हा कन्सोल डोंबिवलीत माझ्या मित्राकडे आहे आणि अजून चालतो, म्हणून आम्ही कॅमेरा घेऊन त्याच्याच हॉलमध्ये बसलो, कारण ही गोष्ट नेटवरच्या क्लिप्स जोडून सांगायची नव्हती, डिस्क हातात धरूनच सांगायची होती.

हा बॉक्स बघा. द विचर 2: असॅसिन्स ऑफ किंग्ज, एनहान्स्ड एडिशन. आत दोन डीव्हीडी, संगीताची एक सीडी, घड्या घातलेला नकाशा आणि क्वेस्टची, म्हणजे गेममधल्या कामगिऱ्यांची पुस्तिका. नकाशाच्या घडीवर पांढरी रेघ पडलीये बघा, इतक्या वेळा उघडून बघितलाय तो. आज गेम विकत घेतला की डाउनलोडची पट्टी सरकताना दिसते, बस. तेव्हा ही एवढी शिदोरी मिळायची, आणि ती का मिळायची हे कळायला आधी पोलंडला जावं लागेल.

(पडद्यावर: वॉर्सा, सकाळची ट्राम, मागे कल्चर पॅलेसचा उंच मनोरा)

हे वॉर्सा. माझा मामेभाऊ तिथे नोकरीला असतो, त्याने एका रविवारी मोबाईल घेऊन फिरत फिरत हे सगळं टिपलंय, त्यामुळे फ्रेम हलतेय तिथे जरा सांभाळून घ्या.

आता तो ग्झिबोव्स्का रस्त्यावर आलाय. दिसायला साधा रस्ता आहे, पण इथल्याच एका शाळेत वीकेंडला कॉम्प्युटरचा बाजार भरायचा. टेबलं मांडून पोरं गेम्स विकायची, अदलाबदल करायची. 1989 ला पोलंडमधली कम्युनिस्ट राजवट गेली, पण सॉफ्टवेअर नीट विकत घ्यायचं कुठून हा प्रश्न तसाच राहिला, दुकानं नव्हती आणि कॉपीराइटचा नवा कायदा यायला 1994 उजाडलं. म्हणजे आपल्याकडे नव्वदीत फुटपाथवर सीडी मिळायच्या, साधारण तसलंच वातावरण. त्या बाजारात मार्चिन इविन्स्की आणि मिहाउ किचिन्स्की हे दोन शाळकरी मित्रही असायचे. दोघांनी 1994 ला कंपनी काढली. खिशात सुमारे दोन हजार डॉलर, आणि ऑफिस म्हणजे मित्राच्या फ्लॅटमधली एक खोली. तेव्हा सीडी-रॉम ही नवलाई होती म्हणून कंपनीचं नाव सीडी प्रोजेक्ट.

ते बाहेरून गेम्स आणायचे आणि पोलिश भाषेत करून विकायचे. आणि इथे मला थोडं थांबायचंय, कारण पुढचं सगळं इथूनच निघतं.

1999 ला त्यांनी बाल्डर्स गेट आणला. पाच सीडींचा अवाढव्य गेम, संवादच संवाद. त्यांनी पोलंडमधल्या नावाजलेल्या नटांचे आवाज घेतले, निवेदनाला पिओत्र फ्रोंचेव्स्की. बरं, बाजारात त्याच गेमची चोरटी कॉपी स्वस्तात मिळणार हे त्यांना चांगलं माहीत होतं, ते स्वतः त्याच बाजारातून वर आलेले ना. मग त्यांनी काय केलं, तर बॉक्सच असा भरला की चोरट्याला त्याची नक्कल करणं परवडू नये. जुन्या चर्मपत्रासारखा नकाशा, त्यावर लाखेचा शिक्का, नियमांचं पुस्तक, गाण्यांची सीडी. पहिल्याच दिवशी 18 हजार बॉक्स गेले. तर डोंबिवलीतल्या या बॉक्समधला नकाशा आला तो असा.

(पडद्यावर: नकाशाच्या कडेवरून बोट फिरतं)

आता एक गंमत ऐका. या लोकांना पहिल्यांदा स्वतः गेम बनवायचं काम मिळालं ते बरोबर उलट्या दिशेचं होतं. बाल्डर्स गेट: डार्क अलायन्स हा प्लेस्टेशन 2 चा गेम, तो कन्सोलवरून पीसीवर आणायचा होता. काम सुरू झालं आणि तिकडे इंटरप्ले ही मूळ कंपनीच पैशाने अडचणीत आली, झालं, काम रद्द. मग हे म्हणाले की आता दुसऱ्याच्या जिवावर नाही, स्वतःचाच गेम करायचा. 2002 ला वुच शहरात स्टुडिओ सुरू केला आणि पोलंडमध्ये घराघरात वाचल्या जाणाऱ्या आन्द्झेई सापकोव्स्की या लेखकाच्या विचर कथांचे हक्क घेतले.

पोलिशमध्ये विएजमिन म्हणतात त्याला. विएजमा म्हणजे चेटकीण, तर हे झालं चेटकिणीचं पुल्लिंग. पैसे घेऊन भुतं-राक्षस मारणारा माणूस. आणि ती भुतं आपल्याला परकी वाटतच नाहीत हो. पाण्यात बुडून मेलेला आणि मग काठावर दबा धरून बसणारा ड्राउनर घ्या, कोकणातल्या कुठल्याही आजीला दाखवलात तर ती म्हणेल की हा आमचा गिऱ्हाच.

वुचमध्ये जवळपास वर्षभर खपून डेमो झाला, तो घेऊन युरोपभर पब्लिशरांकडे फिरले, सगळीकडून गोड शब्दांत नकार. वुचचं ऑफिस बंद करून काम वॉर्सात आणलं, कॅनडाच्या बायोवेअर या गेम कंपनीकडून ऑरोरा इंजिन, म्हणजे गेम ज्यावर उभा राहतो ते सॉफ्टवेअर घेतलं, 2004 च्या इ-थ्री या गेम्सच्या मोठ्या प्रदर्शनात बायोवेअरनेच आपल्या स्टॉलमध्ये त्यांना जागा दिली, आणि अखेर ऑक्टोबर 2007 ला पहिला विचर आला. फक्त पीसीवर.

(पडद्यावर: पहिल्या विचरची पीसीवरची दृश्यं, माऊसचा कर्सर दिसतो)

ज्यांच्याकडे कन्सोल होता ते मित्राच्या घरी जाऊन बघत बसायचे. मीपण त्यातलाच. आणि मग नोव्हेंबर 2008 ला बातमी आली, राइज ऑफ द व्हाइट वुल्फ. पहिलाच विचर, पण एक्सबॉक्स 360 आणि प्लेस्टेशन 3 साठी नव्याने बांधलेला, नवी लढाईची पद्धत, नवं ग्राफिक्स. काम फ्रान्सच्या ल्योनमधल्या एका स्टुडिओला दिलं होतं. आम्ही ट्रेलर इतका बघितला की त्यातले शॉट कुठे कापलेत तेसुद्धा पाठ झालं होतं.

2009 च्या वसंतात ते काम थांबलं. मुदती हुकल्या, पैशावरून वाद झाले, जगभर मंदी होती, आणि सीडी प्रोजेक्ट स्वतःच बुडायच्या काठावर आली होती. गेम कधीच आला नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विचर 2 चा एक व्हिडिओ फुटला, अंधुकसा, आणि त्यात पीसीसोबत दोन्ही कन्सोलची नावं होती. आता सांगा, एकदा तोंड पोळलेल्या माणसाने काय करावं. फुंकून प्यावं हेच खरं, पण आम्ही परत वाट बघायला लागलो.

विचर 2 पीसीवर आला 17 मे 2011 ला, स्वतःच्या रेडइंजिनवर. त्याच महिन्यात बराक ओबामा वॉर्साला आले तेव्हा पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनी त्यांना ज्या भेटी दिल्या त्यात हा गेम होता. एका देशाने दुसऱ्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाला व्हिडिओ गेम दिला, आणि तोही फक्त मोठ्यांसाठी असलेला! गेम म्हणजे पोरखेळ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगतो.

जूनमध्ये इ-थ्रीला विचर 2 च्या 360 वरच्या आवृत्तीची घोषणा झाली, वर्षाअखेर येणार म्हणाले, मग ते पुढच्या वर्षावर गेलं, मग जानेवारी 2012 ला पक्की तारीख आली, 17 एप्रिल. या वेळी काम बाहेर दिलं नव्हतं, स्वतः करत होते, आणि म्हणूनच पुढे ढकललं तरी राग आला नाही.

(पडद्यावर: मित्राने उघडून ठेवलेला दुसरा, बंद पडलेला 360, आतला बोर्ड अगदी जवळून)

हे जवळून बघा. हा बंद पडलेला कन्सोल आम्ही शूटसाठी उघडला. या बोर्डवर सगळी मिळून 512 एमबी मेमरी, आणि तीही प्रोसेसर आणि ग्राफिक्सने वाटून घ्यायची. 2005 सालचं मशीन. आज खिशातल्या साध्या फोनमध्ये याच्या कितीतरी पट मेमरी असते. आणि यात बसवायचा होता 2011 चा असा गेम, ज्याने चांगल्या चांगल्या पीसींना घाम फोडला होता. जंगलातला उजेड, पानांमधून येणारी उन्हं, पाऊस सुरू झाला की आडोशाला पळणारी गावातली माणसं, हे सगळं. माऊस-कीबोर्डवर ठरवलेली लढाई पॅड धरलेल्या बोटांना जमेल अशी करायची, शत्रूवर नेम धरून ठेवायची सोय द्यायची, मेनू सोफ्यावरून वाचता येतील असे करायचे. एवढं करूनही एका डीव्हीडीत मावेना म्हणून दोन.

आणि नुसतं उतरवलं नाही, वाढवलं. जवळपास चार तासांचा नवा मजकूर, तिसऱ्या अंकात दोन नव्या क्वेस्ट, आणि ही सुरुवातीची फिल्म.

(पडद्यावर: नव्या सुरुवातीच्या फिल्मचा तुकडा, पाण्यात जहाज)

ही केलीये तोमाश बागिन्स्कीने, ज्याच्या लघुपटाला 2003 ला ऑस्करचं नामांकन होतं. जहाजावर राजा डेमावेंड, आणि हा टकला दांडगा मारेकरी. इथे मी गप्प बसतो, तुम्ही बघा.

यातलं सगळं नवं पीसीवाल्यांना फुकट दिलं, हेही सांगायला हवं, कारण ज्यांनी आधी पैसे दिले त्यांना परत पैसे मागायचे नाहीत हा त्या ग्झिबोव्स्काच्या पोरांचा जुना हिशेब होता.

(पडद्यावर: गेममधल्या फ्लॉट्सम गावाचं बंदर, फासाचा चौथरा)

मोठ्यांचा गेम म्हटलं की लोकांना रक्त आणि उघडे सीन आठवतात. ते आहेत यात, खोटं कशाला बोलू, म्हणून तर युरोपात 18 चा आणि अमेरिकेत 17 च्या वरचा शिक्का होता, आणि ऑस्ट्रेलियात तेव्हा गेम्ससाठी प्रौढांचं सर्टिफिकेटच नव्हतं त्यामुळे एका क्वेस्टमधली एक निवड बदलावी लागली. पण माझ्यासाठी मोठेपण इथे आहे, या फासाच्या चौथऱ्यावर. बोटीतून उतरून गावात शिरलात की हेच दिसतं. दोराखाली उभे आहेत त्यात तुमचे दोन मित्र, एक कवी आणि एक ड्वार्फ, आणि समोर जमलेली गर्दी बघा, बाजाराला आल्यासारखी. एल्फ, ड्वार्फ म्हणजे आपले नाहीत, मग लटकवा, इतकं साधं गणित त्यांच्या तोंडावर आहे. असं काही कन्सोलवर, टीव्हीसमोर, सोफ्यावर बसून बघायची आम्हाला सवय नव्हती.

आणि आता ज्यासाठी मी हा व्हिडिओ बनवला तो प्रसंग. मित्राच्या टीव्हीवरून सरळ घेतलाय, कट केलेला नाही.

(पडद्यावर: पडकं एल्फ स्नानगृह, वेली, आयोरवेथ)

पहिला अंक संपत आलाय. एका डोळ्यावर लाल कापड बांधलेला हा आयोरवेथ, एल्फ बंडखोर, माणसं मारलेला, गावाच्या भाषेत अतिरेकी. सैनिकांनी घेरलंय आणि तो तुमच्याकडे स्वतःची तलवार मागतोय. द्यायची की नाही. पट्टी कमी होत चाललीये बघा, विचार करायला काही क्षणच आहेत. दिली तर एक रस्ता, नाही दिली तर दुसरा, आणि पुढे एकदा पक्कं झालं की कुणाबरोबर जायचं, मग अख्खा दुसरा अंक वेगळा. आयोरवेथबरोबर गेलात तर तुम्ही व्हेर्गेनमध्ये, ड्वार्फांच्या दगडी गावात, वेढा पडलेल्यांच्या बाजूला. रोश, म्हणजे या एल्फ बंडखोरांच्या मागावर असलेला सैनिकी अधिकारी, त्याच्याबरोबर गेलात तर डोंगराच्या पलीकडे, वेढा घालणाऱ्या राजाच्या छावणीत. तीच लढाई, दोन वेगळ्या बाजू, वेगळी माणसं, वेगळे नकाशे. एकदा खेळून अर्धा गेम दिसतच नाही. कुठल्या कंपनीने असा खर्च केला असता, निम्म्या लोकांना कधी दिसणारच नाही असं काहीतरी बनवायला?

मित्राने तेव्हा तलवार दिली होती. मी नव्हती दिली. चार दिवस आम्ही एकमेकांशी यावरून भांडत होतो, तू त्याच्यावर विश्वास ठेवलासच कसा, आणि तू एवढा सरकारी कधीपासून झालास.

प्लेस्टेशन 3 वाल्यांना हा गेम कधीच मिळाला नाही. पुढे 19 मे 2015 ला तिसरा विचर पीसी, एक्सबॉक्स वन आणि प्लेस्टेशन 4 वर एकाच दिवशी आला, कुणाला थांबावं लागलं नाही.

(पडद्यावर: डोंबिवलीचा हॉल, संध्याकाळ, टीव्हीचा उजेड भिंतीवर)

इथे मित्राची मुलगी आत डोकावतेय, तिला दारातच थांबवलंय, तिचं वय अजून झालं नाही. तो पॅड खाली ठेवतो, उठतो, पहिली डिस्क काढून बॉक्समध्ये दाबून बसवतो. दुसरी शर्टाला पुसतो, उजेडात तिरकी धरून चरे बघतो.

(पडद्यावर: ट्रे आत जातो. आवाज. निवेदन नाही.)