तांब्याला मोकळं सोडायचं नाही

नमस्कार. टेबलावरची ही कुपी जरा वर धरतो. मागच्या रांगेतून दिसतेय ना? आत पाण्यात विरघळवलेलं मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार आहे, रंग फिकट आकाशी. आता यात मी जीएचके नावाच्या रेणूचं द्रावण थेंबाथेंबाने सोडतो. ग्लायसीन, हिस्टिडीन, लायसीन अशा तीन अमिनो आम्लांची ही इवलीशी साखळी, म्हणजे त्रिपेप्टाइड. त्वचेला लावायच्या सीरमच्या बाटल्यांवर कॉपर पेप्टाइड म्हणून मिरवतं ते हेच, तांब्यासकट. बघा, तांबं होतं तेवढंच आहे, पण रंग गडद निळा झाला, किंचित जांभळटसुद्धा. कॉलेजात प्रथिनं ओळखायची बायुरेट चाचणी केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. माझ्या हातून त्या चाचणीत मोरचूद नेहमी जास्त पडायचं आणि जांभळ्याऐवजी सगळं निळंच दिसायचं, ते असो.

रंग बदलला कारण तांब्याला कुणीतरी धरलंय. एका अणूला तीन नायट्रोजन तीन बाजूंनी पकडून बसलेत, चौथी बाजू बरीचशी मोकळी आहे. पकड घट्ट, पण दुसरा कुणी मागायला आला तर तांबं त्याच्या हाती देता यावं, इतपतच घट्ट. आजचं सगळं बोलणं या पकडीबद्दल आहे.

आपल्या अख्ख्या शरीरात तांबं असतं सुमारे 100 मिलिग्रॅम. एवढंसंच, पण त्याच्याशिवाय चालत नाही, आणि ते मोकळं फिरलेलंही चालत नाही. मोकळं तांबं हायड्रोजन पेरॉक्साइडला गाठलं की असे आक्रमक रेणू तयार करतं, जे समोर येईल ते जाळत सुटतात, मग ते मेद असोत, प्रथिनं असोत की डीएनए. म्हणून पेशी त्याला हातोहात नेते. यीस्टच्या पेशीत मोकळं तांबं सरासरी एक अणूसुद्धा भरत नाही, असं 1999 साली मोजमापांवरून दाखवलं गेलं. एक अणूसुद्धा नाही!

आणि ही ने-आण बिघडली तर? मेन्केस आजारात आतड्यातून तांबं पुढे नेणारा पंप जन्मतःच नादुरुस्त असतो. त्या बाळांचे केस ताठ आणि पिळवटलेले, त्वचा सैल, रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या. त्वचेचं कारण सरळ आहे. कोलॅजन आणि इलास्टिनचे धागे एकमेकांना टाचून ठेवणारं लायसिल ऑक्सिडेज हे एन्झाइम तांब्यावर चालतं. तांबं नाही तर टाचणी नाही, आणि टाचणी नाही तर धागे कितीही विणा, कापड ओढलं की उसवणार. विल्सन आजारात नेमकं उलट होतं, तांबं बाहेर टाकता येत नाही आणि ते यकृत आणि मेंदूत साठून राहतं.

आता जीएचकेकडे येऊ. 1973 साली लॉरेन पिकार्ट आणि थेलर या दोघा संशोधकांनी मानवी रक्तद्रवातल्या या त्रिपेप्टाइडबद्दल लिहिलं. त्याने यकृताच्या निरोगी पेशी जास्त काळ जगत होत्या. त्याच निबंधाच्या शीर्षकात दुसरी गोष्टही होती, यकृताच्या गाठीतल्या पेशींची वाढही त्याने होत होती. सीरमच्या जाहिरातीत पहिलीच तेवढी येते. 1980 मध्ये पिकार्ट आणि सहकाऱ्यांनी सुचवलं की हा रेणू तांबं पेशीत शिरायला मदत करत असावा. 1988 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजन विणणाऱ्या पेशी, काचेच्या बशीत वाढवल्या. जीएचके-तांब्याची अगदी नॅनोमोलर मात्रा मिळताच त्यांचं कोलॅजन वाढलं. गंमत अशी की ग्लायसीन-हिस्टिडीन-लायसीन हा क्रम कोलॅजनच्या एका साखळीतच आढळतो. जखम झाली की एन्झाइम तुटकं कोलॅजन कापतात, त्या कात्रणांतून हा तुकडा सुटत असावा आणि तोच दुरुस्तीचा सांगावा ठरत असावा, अशी ही कल्पना. मला ती आवडते, पण आवडणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं.

कारण एक हिशेब मला सतावतो. तरुण माणसाच्या रक्तात जीएचके मिलिलिटरला सुमारे 200 नॅनोग्रॅम सांगतात, साठीला ते 80 वर येतं. रेणू मोजले तर तरुणपणातलाही आकडा अर्ध्या मायक्रोमोलरच्या थोडा वर जातो. त्याच रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन आहे सुमारे 600 मायक्रोमोलर, आणि तांब्यावरची त्याची पकड जीएचकेच्या तोडीची आहे. एका तांब्याच्या अणूसाठी हजार अल्ब्युमिन आणि एक जीएचके रांगेत उभे असतील तर अणू कुणाच्या वाट्याला जाईल? म्हणून वाहत्या रक्तातल्या जीएचकेपेक्षा जखमेत, त्या कात्रणांच्या ढिगाऱ्यात, काय चालतं ते पाहणं जास्त महत्त्वाचं.

जखमेवर लावून काय दिसलं? चित्र संमिश्र आहे. 1992 च्या एका चाचणीत पायावरच्या शिराजन्य व्रणांवर तांबं-त्रिपेप्टाइडच्या क्रीमचा फायदा दिसला नाही, तुलनेला ठेवलेल्या सिल्व्हर सल्फाडायझिन या जंतुनाशक मलमाचा दिसला. 1994 मध्ये मधुमेहींच्या पायाच्या व्रणांवर मात्र भरून येण्याचा वेग वाढलेला दिसला. 2006 मध्ये लेसरने सोललेल्या चेहऱ्यांवरचा छोटा अभ्यास झाला. कुणाला काय लावलंय हे माहीत नसलेल्या परीक्षकांना फरक जाणवला नाही, रुग्ण मात्र जास्त खूश होते.

आणि धडधाकट त्वचेची गोष्ट तर आणखी वेगळी. तिथे वरचा मृत थर आहे, जाडी साधारण 10 ते 20 मायक्रॉन, पण भिंत पक्की, आणि तेलकट. जीएचके-तांबं आकाराने लहान आहे, रेणूचं वजन सुमारे 400 डाल्टन, म्हणजे त्वचेत शिरू शकणाऱ्या रेणूंसाठीच्या 500 च्या रूढ मर्यादेत बसतं. पण ते पाण्यात रमणारं, त्यामुळे आत शिरताना अडखळतं. बशीतल्या फायब्रोब्लास्टच्या डोक्यावर भिंत नव्हती. बशीतला निकाल सीरमच्या बाटलीवर छापताना नेमकी ही भिंत विसरली जाते.

चिठ्ठीत एक प्रश्न आलाय: व्हिटॅमिन सीचं सीरम आणि हे जीएचके-तांब्याचं सीरम एकत्र लावावं का? कुपीतच बघू. व्हिटॅमिन सी म्हणजे अॅस्कॉर्बिक आम्ल, आणि त्याची सीरमं बहुधा चांगलीच आम्लधर्मी असतात. आधी नुसतं आम्ल टाकतो, पीएच तीनपर्यंत उतरवतो. हिस्टिडीनचा आणि शेजारचा नायट्रोजन आता हायड्रोजन घेऊन बसले, त्यांनी हात सोडला. गडद निळा गेला, सुरुवातीचा फिकट आकाशी परत आला. यात आता अॅस्कॉर्बिक आम्ल पडलं तर हे मोकळं तांबं त्याच्याशी झटापट करणार, तांब्याचं रूप बदलणार आणि व्हिटॅमिनही वाया जाणार. दोन्ही वापरायचीच असतील तर एक सकाळी लावा, दुसरं रात्री.