सम येण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

माझं लहानपण सोलापूरच्या पूर्व भागात गेलं. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागूनच यंत्रमागाचा कारखाना होता. टॉवेल निघायचे तिथे. दिवसपाळी संपली की रातपाळी. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे धावायचा, परत यायचा, आणि आमच्या फळीवरची भांडी त्या ठेक्यावर बारीक थरथरत राहायची. गावाकडून पाहुणे आले की त्यांचा रात्रभर डोळा लागायचा नाही. सकाळी विचारायचे, "तुम्ही झोपता तरी कसे?" आम्हाला प्रश्नच कळायचा नाही, कारण आम्हाला तो आवाज ऐकूच येत नसे.

माझी धाकटी बहीण तेव्हा तान्ही होती. मध्यरात्री लाइट गेली की माग एकदम थांबायचे, आणि त्याच क्षणी ती दचकून उठायची, रडायला लागायची. आई अंधारातच तिला थोपटत म्हणायची, "माग थांबले गं बाई, दुसरं काही नाही." गोंगाटात गाढ झोपणारं आणि शांततेनं जागं होणारं ते मूल माझ्या मनातून कधी गेलं नाही. आज मला जे बोलायचं आहे, ते सगळं तिथूनच निघतं.

ती कशानं जागी होत होती? काही वाजलं तर नव्हतं. उलट वाजायचं थांबलं होतं. म्हणजे झोपेतसुद्धा तिच्या आत कुणीतरी मोजत होतं, पुढच्या ठोक्याची वाट पाहत होतं. तो ठोका आला नाही आणि ते मोजणारं घाबरलं.

पुढे फार वर्षांनी याच्याशी जुळणारी एक गोष्ट वाचनात आली. २००९ साली हंगेरी आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अवघ्या दोन-तीन दिवसांची, झोपलेली बाळं. त्यांच्या कानाशी ढोलाचा ठेका लावला आणि मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपल्या. ठेक्यातला एखादा गौण ठोका गाळला तर फारसा फरक पडत नव्हता. पण पहिली, मुख्य मात्रा गाळली की लहरी बदलत. आपल्या भाषेत सांगायचं तर सम चुकली, आणि जगात येऊन तीन दिवस झालेल्या, झोपलेल्या जिवाला ते कळलं. त्याला अजून आईचा चेहरा नीट दिसत नाही. कुठली भाषा ठाऊक नाही. सम मात्र ठाऊक आहे.

आता मला पडणारा प्रश्न असा. लयीचंच म्हणाल तर यंत्रमागासारखी पक्की लय कुणाची? तासन् तास तसूभर चळत नाही. मग त्या लयीनं आमच्यापैकी कुणाचा कधी ऊर भरून कसा आला नाही? आणि तेच संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या उंच काठ्यांपुढे हलगी कडकडायला लागली की म्हाताऱ्या माणसाचेसुद्धा पाय जागेवर का राहत नाहीत?

हलगीवाल्याकडे कधी नीट बघा. तो ठेका देतो, तुम्हाला त्या ठेक्याची सवय लावतो, तुमची मान डोलायला लागली की एक ठोका किंचित मागं ओढतो. केसभर. तेवढ्यात तुमचा श्वास अडकतो. मग तो ठोका अशा जागी पडतो की तुम्ही आपोआप "हां!" म्हणता. माग कुणासाठी थांबत नाही, हलगीवाला तुमच्यासाठी थांबतो. मला वाटतं, संगीतातली भावना त्या थांबण्यात जन्माला येते. आवाज असतो तिथे ती जेवढी असते, त्याहून जास्त ती आवाज अजून यायचा असतो तिथे असते.

सोलापूरकरांना हे मी वेगळं सांगायला नको. सिद्धेश्वराच्या देवळातल्या संमती कट्ट्यापाशी अक्षता सोहळ्याला तुम्ही उभे राहिलेले आहात. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, त्या कथेचा तो सोहळा. पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले भक्त, उंच नंदीध्वज, आणि नजर जाईल तिथवर माणसं. प्रत्येकाच्या मुठीत अक्षता. लग्न लागताना म्हणायच्या संमतीचं वाचन सुरू होतं. गर्दीतल्या अनेकांना त्यातला शब्दन् शब्द कळत नाही. तरी मुठी घट्ट होत जातात, कुजबुज थांबते, लेकरं खांद्यावर गप्प बसतात. सगळ्यांना ठाऊक असतं की आता ते शब्द येणार. आणि येतात: "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम". हजारो हात एकदम वर जातात.

याला कुणी संगीत म्हणणार नाही कदाचित. पण अक्षता पडतात त्या क्षणापेक्षा मला त्याच्या आधीचा क्षण मोठा वाटतो. त्या क्षणी तिथे मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारे सगळे एकाच शब्दाच्या अलीकडे उभे असतात. एरवी आपलं मन एका वेळी दहा ठिकाणी सांडलेलं असतं. तेव्हा ते एका टोकाला येऊन थांबतं. आपण जागे आहोत हे इतक्या स्वच्छपणे मला एरवी क्वचितच जाणवलेलं आहे.

या वाट पाहण्याची खूण शरीरातही सापडली आहे. २०११ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये संशोधकांनी ऐकणाऱ्यांनाच सांगितलं, तुमच्या अंगावर काटा आणणारं संगीत तुम्हीच घेऊन या. मग ते ऐकताना त्यांच्या मेंदूत डोपामीन नावाचं रसायन केव्हा आणि कुठे स्रवतं ते पाहिलं. काट्याच्या क्षणी ते स्रवत होतंच. पण त्याच्या काही सेकंद आधीही, मेंदूच्या वेगळ्या भागात, स्रवत होतं. ती जागा यायच्या आधीच. मात्र रसायन सापडलं म्हणून सगळं उलगडलं, असं मी मानत नाही. दिवा कुठल्या खोलीत लागला एवढं कळलं. त्या उजेडात माणसाला काय दिसलं, हे त्या माणसालाच विचारावं लागतं.

आणि इथे आपल्या परंपरेनं फार खोल विचार करून ठेवला आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात कुठला स्वर कुठल्या रसाला, याची वाटणी आहे. मध्यम आणि पंचम हास्य-शृंगाराला, गांधार आणि निषाद करुणाला, असं. शाळेतल्या तक्त्यासारखं हे पाठ केलं तर फसगत होते, कारण स्वर एकटा काहीच बोलत नाही. मारवा, पूरिया आणि सोहनी हे तीन राग घ्या. तिघांचे स्वर तेच. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. पण पूरिया खालच्या, मंद्र सप्तकात गंभीर होऊन बसतो, सोहनी वरच्या षड्जाभोवती, म्हणजे वरच्या साभोवती, चंचल होऊन खेळते, आणि मारवा बेचैन करतो. सूत तेच, पण वीण निराळी. कुठल्या स्वरावर जोर, कुठे थांबायचं, कुठे थांबायचं नाही, यावर सगळं. भरतमुनींचाही रोख नुसत्या स्वरावर नाही, स्वराच्या प्राबल्यावर आहे, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

मारव्याबद्दल जरा जास्त बोलतो, कारण त्याचं माझ्यावर ऋण आहे.

आमच्या मागचा तो कारखाना पुढे बंद पडला. माग भंगारात वजनावर गेले. आम्हाला वाटलं होतं, आता निवांत झोप लागेल. पण कितीतरी रात्री मी टक्क जागा होतो. कान भिंतीकडे. घरातलं माणूस बाहेरगावी गेलं की दाराकडे लक्ष असतं, तसं. त्या कारखान्यात काम करणारी माणसं, त्यांची रात्री दीड वाजताची चहाची हाक, कुणी पुण्याला गेला, कुणी भिवंडीला. मी त्याबद्दल कुणाशी बोललो नाही. कारखाना बंद पडला म्हणून रडणार कसा, तो काही आमचा नव्हता.

पुढे काही वर्षांनी एका संध्याकाळी, सूर्य मावळायच्या वेळेला, एका छोट्या बैठकीत मारवा ऐकला. गाणारे फार कुणी नामवंत नव्हते. मारव्यात एक गंमत असते. तानपुऱ्यावर षड्ज सारखा वाजत असतो, घर समोर दिसत असतं. पण गाणारा तिथे जात नाही. निषादावरून उडी मारून कोमल रिषभावर, धैवतावर, पुन्हा रिषभावर. सा डोळ्यांसमोर ठेवून सा टाळत राहायचं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. आणि मग एकदा, फार हळू, ते षड्जावर आले. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

मी घरी येताना विचार करत होतो, हे रडू कशाचं? कारखान्याचं म्हणावं तर गाताना मला कारखाना आठवलाही नव्हता. आणि गाणाऱ्यांना कुठलं दुःख होतं म्हणावं, तर ते गाऊन झाल्यावर शांतपणे चहा पीत बसले होते. मग ते दुःख कुणाचं होतं?

हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्त या तत्त्वज्ञांनी नेमका हाच प्रश्न हाताळला. नाटक पाहताना जागा होणारा भाव 'माझा' असा वाटत नाही, 'शत्रूचा' वाटत नाही, 'मित्राचा' वाटत नाही, आणि 'कुणाचाच नाही' असंही वाटत नाही. भावाची मालकीच सुटते. त्यांच्याआधीच्या आचार्य भट्टनायकांनी या प्रक्रियेला नाव दिलं होतं, साधारणीकरण. दुःख असतं, पण त्यावर कुणाच्या नावाची चिठ्ठी नसते. म्हणून ते सहन होतं, इतकंच नाही तर चाखता येतं. माझ्या बाबतीत झालं ते हेच. भिंतीकडे कान लावून पडलो होतो तेव्हाची वाट पाहणं माझं एकट्याचं होतं, आणि त्याला सम नव्हती. मारव्यातलं वाट पाहणं त्याच जातीचं होतं, पण तिथे कुणीतरी माझ्याबरोबर चाललं होतं, आणि ते मला घरापर्यंत सोडणार होतं.

'तंत्रालोक' या आपल्या ग्रंथात अभिनवगुप्त आणखी एक पाऊल पुढं जातात. गोड गाणं कानी पडलं, चंदनाचा स्पर्श झाला, की माणसाचा तटस्थपणा गळून पडतो आणि हृदयात एक स्पंदन सुरू होतं. ते स्पंदन हीच आनंदशक्ती, आणि ती ज्याच्यात जागी होते तो सहृदय. आपण 'सहृदय' हा शब्द आजकाल निमंत्रणपत्रिकेत वापरतो. अभिनवगुप्तांच्या लेखी त्याचा अर्थ ज्याचं हृदय हलतं तो, एवढा साधा आणि एवढा मोठा आहे.

याला विरोध करणारेही आहेत, आणि त्यांचं ऐकायला हवं. व्हिएन्नाचे संगीतसमीक्षक एडुआर्ड हान्सलिक यांनी १८५४ साली ठामपणे लिहिलं की भावना हा संगीताचा आशयच नाही. संगीत म्हणजे नादातून हलणारे आकार. हे अर्धं मला पटतं. मारव्यात दुःख भरून ठेवलेलं नसतं, रांजणात पाणी भरावं तसं. पण आकार हलतात ते कुणाच्या तरी आत हलतात. ऐकणारा वगळला तर चाल उरतच नाही, सुटे स्वर उरतात. एक वाजतो, विरतो, दुसरा वाजतो. पहिला विरल्यावरही मी तो धरून ठेवतो, तिसरा येण्याआधीच त्याच्याकडे झुकतो, म्हणून त्याची चाल होते.

सोळाशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती तत्त्ववेत्ते सेंट ऑगस्टीन यांना काळ म्हणजे काय हे समजून घ्यायचं होतं, तेव्हा त्यांनी पाठ असलेल्या स्तोत्राचंच उदाहरण घेतलं. म्हणायला सुरुवात करण्याआधी सगळं स्तोत्र अपेक्षेत असतं. म्हणत जावं तसतशी अपेक्षा आखूड होते आणि स्मृती लांबत जाते. आपण रोज आरती म्हणतो तेव्हा हेच होतं. मला तर वाटतं, चैतन्य म्हणजे काय हे कुणाला डोळे मिटून तपासायचं असेल, तर त्यानं एक चाल गुणगुणावी. गेलेलं धरणारं आणि येणाऱ्याकडे झुकणारं जे काही आहे, ते तिथे हाताला लागतं.

शेवटी एक आठवण सांगतो. आमच्या शेजारी एक अव्वा राहायच्या, तेलुगू. सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू घेऊन दिवसभर विड्या वळायच्या. पायाशी झोळीत नातू. त्या अंगाई म्हणायच्या. मला त्यातला एकच शब्द कळायचा, जोजो, कारण तो आमच्याही अंगाईत होता. विडी वळून झाली की तिला दोरा गुंडाळायचा असतो. ती गाठ मारताना अव्वांचं गाणं थांबायचं. ओळ मध्येच, शेवटचा स्वर तसाच हवेत. मी दारात उभा राहून झोळीत डोकवायचो. पोरगं अर्धवट झोपेत असायचं, पण गाणं थांबलं की डोळे उघडायचं. रडायचं नाही. नुसतं वर बघत राहायचं. अव्वा गाठ आवळायच्या, विडी सुपात टाकायच्या, पुढचं पान उचलायच्या आणि सोडली होती तिथूनच ओळ धरायच्या, आणि त्याचे डोळे मिटायचे.